पडद्यापलीकडे म्हातारा बोलला

३ तारीख, सोमवार

म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. सकाळपासून छाती धरून बसला होता. सून घाबरली — 'मामंजींचा रंग उतरलाय हो!' रंग! लग्नात तरी कुठे होता?

दारावर पाटी केवढी — तातडीचा विभाग. तातडी फक्त फरशी पुसणाऱ्याला. 'पाय वर, पाय वर' करत आजाऱ्यांकडून कवायत करून घेत होता मेला. काउंटरवरच्या पोरीने मान वर न करता सांगितलं, 'बसा.' समोर कुणी उभ्याउभ्या मेला तरी ही त्याला बसाच म्हणेल. बाकं अशी, की धडधाकट माणसाची पाठ धरावी.

शेवटी नंबर लागला. डॉक्टर म्हणजे कालचं कारटं. कॉम्प्युटरकडे बघत म्हणालं, 'काय होतंय?' मी सांगितलं, गॅस. अधाशासारखा गिळतो नि लगेच आडवा होतो, दुसरं काय होणार? म्हातारा तोंड उघडायला लागला. म्हटलं, 'अहो, गप्प बसा, तुम्हाला धड सांगता येत नाही.' छातीला वायरी लावल्या, कागद काढला, बघितला. 'ठीक आहे.' औषधाची बाटली दिली नि केली बोळवण. म्हाताऱ्याकडे एकदा नजर टाकली असेल-नसेल!

४ तारीख

बाटली अर्धी झाली. ढेकर एक नाही.

६ तारीख, गुरुवार

जेवायच्या आधीच मोरीत कोसळला. थोरला कामावरून धावत आला. 'आई, तिकडे नको, दुसरीकडे नेऊ.' नेलं.

वाटेत त्या कारट्याचा उद्धार करत होते. मी गॅस म्हटलं आणि त्याने गॅस लिहिला! मग शिकलास कशाला रे? माझ्याच तोंडचं ऐकून औषध द्यायचं, तर मी काय वाईट होते? घरीच दिलं असतं.

इथे काउंटरबिंटर काही नाही. एक जाडजूड नर्स दारातच पुढे आली, स्ट्रेचर धरलं नि चालू पडली. मी मागोमाग. सांगायला लागले, तशी म्हणते, 'आजी, तुम्ही बाहेर थांबा. मला आजोबांशी बोलायचंय.'

'त्यांना काय विचारता? मला विचारा.'

'दुखतंय कुणाला?'

आणि सर्रकन पडदा ओढला! संसार मी केला याच्याबरोबर, ही बया कोण मला बाहेर काढणारी? पण पडदा तो पडदाच. भिंत थोडीच आहे. कान लावून उभी राहिले.

मुळुमुळु बोलत होता. ती मध्ये एक अक्षर बोलेना. नुसती 'हं', 'मग?' असं. म्हणे पावसाळ्यापासून दुखतंय. जिना चढताना दम लागतो, मग चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करून थांबतो. — आणि मी त्याला रोज म्हणायची, नव्या चपला घ्या एकदाच्या!

नर्सने विचारलं, 'घरी का नाही सांगितलंत?'

मग म्हणाला, 'सांगितलं की ती टोमणा मारते. त्यापेक्षा दुखलेलं बरं.'

पडदा उघडायच्या आत बाकावर जाऊन बसले.

७ तारीख

हृदयाची नळी तुंबली होती. मोकळी केली. थोरला म्हणतो, आणखी उशीर झाला असता तर हाती लागले नसते. जाडी नर्स वर येऊन बघून गेली. माझ्याशी गोड बोलली. मेली जास्तच गोड.

सून म्हणाली, 'सासूबाई, दवाखाना असावा तर असा.' मी काही बोलले नाही. तर ती चमकून बघायलाच लागली.

८ तारीख

आज दोघंच होतो. विचारलं, 'अहो, खरं सांगा, कुठे दुखतंय का?' आधी माझं तोंड निरखून बघितलं. मग म्हणतो, 'ती नर्सबाई आहे का गं आज कामावर?'