जिभेखालची गाठ आणि तुमचे अनुमान

अण्णा, तुमच्या ओसरीवर विद्यार्थी न्यायशास्त्र शिकत, तेव्हा आत भाकरी थापताना मी ते ऐकत असे. हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ती खूण, एका ठिकाणी जरी चुकला, तरी अनुमान टाकून द्यावे, हे मी तुमच्याच तोंडून शिकले. म्हणून तुमचे वागणे अज्ञान म्हणून मला माफ करता येत नाही.

देवघरातली चांदीची पळी नाहीशी झाली आणि त्याच सुमारास माझ्या जिभेखाली निळसर फुगा आला. "खोटे बोलणाऱ्याच्याच जिभेला गाठ येते," असे म्हणून तुम्ही देवाचे पाणी भरण्याचे काम माझ्याकडून काढून घेतलेत. गाठ विरेपर्यंत मौन, अशी आज्ञा झाली. गाठ वाढत गेली. तुमच्या लेखी पुरावा वाढत गेला.

शेवटी मोताळ्याहून आत्याबाई आल्या. "काऊन रे, पोरीले घास गियता येत नाही, अन् तू शास्त्र पाहून राह्यला?" असे तुम्हाला विचारण्याचा अधिकार थोरल्या बहिणीलाच होता. त्यांनी मला मोटारीने घाट चढवून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेले. मी खुर्चीत बसले आहे. नागपूरहून बदलून आलेले डॉक्टर जिभेखाली बधिर करणारे औषध लावतात, जीभ फडक्यात धरून वर उचलतात, फुग्याचे वरचे आवरण कात्रीने कापतात. डिंकाच्या पाण्यासारखे काहीतरी ओघळते. थैली पुन्हा भरू नये म्हणून ते तिच्या कडा उघड्या ठेवून टाके घालतात. "लाळेची वाट बुजली होती, बाई," ते आत्याबाईंना सांगतात. "निरुपद्रवी गाठ. परवाच एका तान्ह्या लेकराची कापली."

घरी येताच आत्याबाईंनी ओसरीवरच विचारले, "थे तान्हं कोनाशी खोटं बोललं असंन रे?" विद्यार्थी हसले. तुम्ही हातातली पोथी मिटलीत. त्या क्षणी मी तुमच्याकडे किती आशेने पाहत होते! मग तुम्ही म्हणालात, "त्याचे पूर्वजन्मीचे असेल. आणि गाठ कापल्याने खोटे कापले जात नाही."

जखम लवकर भरली. पळी सापडली नाही. देवाचे पाणी मी त्या घरात पुन्हा भरले नाही. लग्न होऊन निघाले त्या सकाळीही नाही.

हा युक्तिवाद मी आयुष्यभर घासून नेमका केला आहे, आणि तुम्ही गेल्यापासून समोर प्रतिवादी नाही. तुम्ही प्रमाणे तपासलीत, दृष्टान्त दिलेत, "पळी तू घेतलीस का?" एवढे मात्र मला एकदाही विचारले नाहीत. हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून कबूल करते: तुमचा पराभव मला नकोच होता. तुम्ही विचारावे, असे मला अजूनही वाटते.