नऊच्या विमानातली सीट

घाटकोपर,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय धम्मपाल दादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहोत. प्रबुद्धची बारावीची परीक्षा चालू आहे. सपना वहिनीचा गुडघा आता कसा आहे?

विमान कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा कागद मिळाला. ‘सहा तासांहून जास्त उशीर होऊनही प्रवाशाला दुसरं विमान दिलं नाही, त्यामुळे माझ्या बहिणीची आणि आईची शेवटची भेट हुकली.’ किती मनापासून लिहिलंयस रे. माझ्यासाठी भांडतोयस. प्रवासी म्हणून सही करायला दोनदा पेन उचललं.

दादा, ती सही मी करू शकत नाही.

सकाळी सव्वासातचं नागपूरचं विमान दुपारी दीडला सुटणार असं सांगितलं, हे खरं. दीडच्या विमानाने येऊनही माझी बॅग दोन दिवसांनी मिळाली, तेही खरं. पण काउंटरवरच्या मुलीने मला बोलावून घेतलं होतं. म्हणाली, “मॅडम, नऊच्या विमानात एक सीट आहे. तुमची बॅग मागून येईल. चालेल ना?”

मी तिच्यावरच ओरडले. “बॅगेशिवाय मी हलणार नाही!”

ती सीट माझ्या मागच्या बाईंनी घेतली. साडेदहाला त्या नागपुरात पोचल्या असतील. आई गेली साडेबाराला.

बॅगेत पांढरी साडी होती. आई जिवंत असताना मी ती भरून निघाले होते. पण मी थांबले ते साडीसाठी नाही. घाबरले होते. गेल्या वर्षी आई म्हणाली होती, “चेतना, थोडे दिवस मला तुझ्याकडे ने ना गं.” मी म्हटलं, “दोन खोल्यांत तुला कुठे ठेवू?” नंतर तिने माझ्याकडे कधीच काही मागितलं नाही. त्या सकाळी तू फोनवर म्हणालास, “लवकर ये, तुझंच नाव घेतेय,” तेव्हा वाटलं, तिने पुन्हा तेच विचारलं तर? विमानाला उशीर आहे हे ऐकून क्षणभर मला बरं वाटलं, दादा.

तक्रार पाठवू नकोस. उगाच त्या मुलीवर येईल. तिने तर मला सीट देऊ केली होती.

वहिनी सांगत होती, तू शेवटपर्यंत आईला समजावत होतास, “तिला दुसरं विमानच नाही गं, नाहीतर ती धावत आली असती.” आईशी तू शेवटचं जे बोललास, ते खोटं होतं. ते खोटं माझं आहे.

अजून म्हणवत असेल तर, तुझी धाकटी बहीण,
चेतना