बदली वधू

सोमवार, ३ मे २००४. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

बरोबर या वेळी, मला न विचारता, माझं लग्न लावण्यात आलं.

तसा दिवस छान होता. भाचा आशेर मला रीडिंगहून गाडीने बेसिंगस्टोकजवळच्या या संग्रहालय झालेल्या जुन्या हवेलीत सोडून गेला. दोन आठवडे इथेच राहून पाहुण्यांना माहिती सांगायची. खिडकीतून सफरचंदाचा मोहोर दिसतो, चहाही कडक मिळतो. आत, पूर्वी इथे राहिलेल्या एका राजकन्येच्या विवाहसोहळ्याच्या नाटकाची तालीम चालू होती. व्यवस्थापक मिसेस ट्रेंचर्ड यांनी मला वधूच्या जागी उभं केलं आणि बोटात अंगठी सरकवली. चौसष्ट वर्षांच्या विधवेला! आशेरची बायको ऑर्ली, इंग्लंडातच वाढलेली, फोनवर मोडक्या मराठीत खिदळली: मावशी, तुमची लग्न झाली आणि आम्हाला केक नाही?

बुधवार, ५ मे.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी राजाने तहावर शिक्का उठवावा तशी आपली मुलगी इथे धाडली. ती कॅथलिक, नवरा प्रॉटेस्टंट राजपुत्र. त्याच्या चर्चमध्ये ती पाऊल टाकेना, म्हणून तिच्या जागी बदली वधू उभी केली. तेव्हा तशी रीतच होती. तिचा धर्म, तिचं चॅपल, तिचा पाद्री तिच्याकडेच राहील, असं तहात लिहून दिलं. वर्षभरात दोन्ही राजांची आरमारं भिडली. लगेच पाद्री हेर ठरला, तिची पत्रं फोडली जाऊ लागली, होणारं मूल रोमच्या पदरात जाईल म्हणून दरबार धास्तावला. चॅपलचं दार विटांनी बुजवलं. भांडले बाप आणि सासरा, ओलीस मात्र मुलगी.

तिचं शेवटचं पत्र काचेच्या पेटीत आहे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लेखी उत्तर हवं, नाहीतर मी— तिथेच तुटलंय. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी अर्धं वाक्य पाहून लाल शाई फासली असती.

शनिवार, ८ मे.

अंगठी निघत नाही. साबण, तेल, बर्फ, सगळं करून झालं.

काल शुक्रवार, आम्हा ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या, तर मिसेस ट्रेंचर्ड दारात. आग लागेल म्हणाल्या असत्या तर समजू शकले असते. त्यांनी विचारलं, जुना धर्म आणखी किती दिवस चालवणार?

आशेरच्या पत्राचं पाकीट उघडलेलं मिळालं. पोस्टात फाटलं असेल म्हणे. सुरीने? टेलिफोन खात्यात तीस वर्षं थापा ऐकून निवृत्त झालेय मी.

मंगळवार, ११ मे.

आशेरचा फोन. माझं पत्र पोचलं म्हणाला. त्यात लिहिलंय, मी कायमची इथेच राहतेय, रविवारी चर्चला जाणार आहे, न्यायला येऊ नका. अक्षर माझंच आहे म्हणे.

मी पत्र लिहिलेलं नाही. हे सांगत होते तोच लाइन गेली. अजून आलेली नाही.

गुरुवार, १३ मे.

प्रार्थनापुस्तक गायब. मोठ्या दाराला बाहेरून कडी—

दालनातल्या तहाचं शेवटचं कलम आज वाचलं. वधू मेली किंवा धर्माचा हट्ट धरून बसली, तरी तह मोडत नाही. बदली वधू तिच्या जागी राहील. खाली बदली वधूंच्या सह्या. बारा. शेवटची तपकिरी, फिकटलेली. हदासा रोहेकर.

वळण माझं. सही माझीच—

शुक्रवार, १४ मे. संध्याकाळी सात.

माझ्या खोलीच्या दाराबाहेर विटा रचतायत. थापी ऐकू येते. अर्धं दार बुजलं.

ही चिठ्ठी फटीतून देणार.

मिसेस ट्रेंचर्ड, मी हदासा रोहेकर. कुणाची वधू नाही, कुणाच्या तहाचा शिक्का नाही. धर्म सोडणार नाही. मला कोणत्या अधिकाराने कोंडलंत, याचं आज सूर्यास्तापूर्वी लेखी उत्तर हवं, नाहीतर मी—