पंजासमोर न घेतलेली शपथ

रविवार, ११ मार्च १९८४

चाचा,

आज आपल्या पेठेच्या तालमीत तिच्या फुटबॉल संघातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार झाला. चारच्या सुमारास गेले. बायकांसाठी एका बाजूला सतरंजी होती, तिथं बसले. फेटे बांधले, नारळ दिले, चहा झाला. तुमच्या वेळच्या संघातली नावं वाचली, तेव्हा गोलकीपर म्हणून तुमच्याऐवजी दुसऱ्याचं नाव घेतलं. तुम्ही खेळत होतात तेव्हा तो राखीव म्हणून बाहेर बसायचा. तो उठला, फेटा बांधून घेतला आणि खाली बघत बसला. त्याचा तरी काय दोष.

मी लहान असताना वडील मला मॅचला न्यायचे आणि स्वतः मित्रांत जाऊन ओरडत बसायचे. मी तुमच्या गोलमागे बसायची, बाहेर गेलेला बॉल आणून द्यायची. पोरं चिडवायची, "ए चाचाची शेपूट!" तुम्ही मागं न बघता म्हणायचात, "शेपूट हाय म्हणून तर तोल ऱ्हातोय माझा." दिवसभर फौंड्रीत ओतकाम करून तुम्ही संध्याकाळी सरावाला यायचात, हातांवर भाजल्याचे डाग असायचे. मी चौथी पास झाले तेव्हा स्वतः ओतलेला छोटा खलबत्ता घेऊन घरी आलात. आई हसली. "भाऊ, पोरीला पेन द्यायचं सोडून हे काय?" "पेन हरवतंय, वहिनी. ह्ये कुठं हरवणार?"

आणि ती फायनल. समोर पलीकडच्या पेठेचा संघ, शेवटची मिनिटं. बॉल साधाच येतोय, जमिनीवरून. तुम्ही गुडघ्यावर बसला आहात, हात पुढे आहेत. बॉल हातांच्या जरा पुढे खड्यावर आपटतो, उडतो आणि तुमच्या खांद्यावरून आत जातो. आपण हरलो. त्याच संध्याकाळी तालमीत बैठक बसली आणि कुणीतरी म्हणालं, चाचानं मॅच विकली. मोहरमचे दिवस होते, तालमीत पिराचा पंजा बसला होता. त्याच्यासमोर हिंदू काय, मुसलमान काय, पेठेत कुणी खोटं बोलत नसे. अध्यक्ष म्हणाले, "पंजासमोर शपथ घे, विषय संपला."

"गोल खाल्ला, ते कबूल हाय. मॅच विकली न्हाय, ते तोंडानं सांगितलंय. आता शपथ कशाला?"

"मग भितोयस कशाला?"

"भितोय कोण? इतकी वर्षं मला बघितलंसा. बघून कळलं न्हाय, ते शपथंनं कळणार व्हय?"

मी दारातून ओरडले, "खडा होता! मी बघितलाय!" सगळे हसले. "शेपूट बोलाय लागली की!" वडिलांनी दंडाला धरून मला घरी आणलं. शपथ घेत नाही म्हणजे पैसे खाल्लेच, असं पेठेनं ठरवून टाकलं. माणूस दुखावला म्हणूनही शपथ नाकारतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही पुन्हा मैदानावर पाऊल टाकलं नाही. मी मात्र प्रत्येक मॅच बघायची आणि तशीच तुमच्या घरी यायची. चाची चहा ठेवायची. "बॉल मारला तवा कीपर कुठं हुता? लाईनीवर का पुढं?" असं तुम्ही विचारायचात, आणि मी कपबशा मांडून दाखवायची. मी कॉलेजला जायला लागले तरी हे चालू होतं. मग तुमची छाती भरत गेली. सरकारी दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोरी, तू तरी बघितलंस न्हवं?" मी म्हणाले, "बघितलं, चाचा." "मग बास." तुमच्या जनाज्याला तालमीतलं कुणी आलं नाही. मी कोपऱ्यावर उभी होते.

आज सत्कार संपल्यावर त्याच अध्यक्षांकडे गेले. आता फार थकलेत. म्हणाले, "शपथ घिऊन टाकली असती तर आज त्याच्या डोक्यावर फेटा असता की गं. आमचं काय वैर हुतं?" मायेनंच बोलले. मी म्हणाले, "खडा होता." ते म्हणाले, "एवढासा खडा? जाळीमागनं दिसला तुला?" मी चपला घातल्या आणि निघाले.

घरी आल्यापासून आठवून बघते आहे. तुमची पाठ दिसते, घामानं चिकटलेला शर्ट दिसतो, लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो. खडा दिसत नाही. इतक्या वेळा सांगितला, की आता सांगितलेलंच आठवतं, बघितलेलं नाही. तेव्हा दिसला होता म्हणूनच ओरडले असेन. पण आज मला कुणी पंजासमोर उभं केलं तर मला शपथ घेता येणार नाही, चाचा. तुमच्या बाजूचं माणूस मी एकटीच होते. चाची गेली, आई-वडील गेले. विचारायचं तरी कुणाला.

हे तुम्हालाच सांगायला नको होतं, पण दुसरं कुणी नाही.

उद्याच्या भाकरीचं पीठ चाळायचं राहिलंय. एकाच माणसाचं. चाळून घेते.