लाल शाई आणि चार हजार भेटी

२ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नाही. पुढेमागे कोणी विचारलं की शाळा वाचवली कोणी, तर तारखा हव्यात. या घरात माझ्याशिवाय कोणाला तारीख आठवत नाही.

प्रसंग असा. आमच्या संस्थेची दोन हायस्कूलं आहेत. जूनपासून दोन्हींचं मिळून एकच होणार आणि पाटी एकच राहणार. एक पाटी माझ्या शाळेची. तिथे मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, शेवटची अकरा वर्षं हेडमिस्ट्रेस होते. दुसरी वन्संच्या शाळेची. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, त्या अजून हेडमिस्ट्रेस आहेत, आणि हे त्या नमस्काराच्या आधी सांगतात.

संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, लोकांना कोणती शाळा हवी आहे ते आकड्यांवरून ठरवू. वेबसाइटवर कोणाच्या किती माणसं येतात तेही बघू. मीटिंग पंधरा मार्चला.

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाईंनी गावातल्या चारही हायस्कुलांचे आठवड्याचे आकडे काढून दिले. पहिलं स्टेशनजवळचं. दुसरं वन्संचं. तिसरं टेक्निकल, ज्यांच्या साइटवर नुसता बंद गेटचा फोटो आहे. चौथे आम्ही. भेटी एकशे अठरा.

बंद गेटच्या खाली!

हे म्हणाले, एकशे अठरा काही वाईट नाहीत. मी म्हटलं, त्यातल्या नव्वद माझ्या आहेत.

४ फेब्रुवारी

रात्रभर विचार. साइटवर आहे काय? घंटेच्या वेळा, मैदानाचा फोटो, हेडमास्तरांचं मनोगत. मनोगत मी दोनदा वाचलं. मन नाही आणि गतही नाही.

लोकांना हवं असतं चुरचुरीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमचे निबंध वर्गात मोठ्याने वाचायच्या आणि प्रत्येक चुकीला थांबायच्या. सगळा वर्ग कान देऊन ऐकायचा. जिचा निबंध असेल ती रडायची, पण ऐकायची.

शाळेच्या ऑफिसात पालकांच्या चिठ्ठ्यांचं खोकं पडून आहे. उशीर का झाला, गृहपाठ का नाही, गैरहजर का. अकरा वर्षं मी त्या गिळल्या. आता बोलणार.

सदराचं नाव: लाल शाई.

५ फेब्रुवारी

हेडमास्तरांकडे गेले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले. मी त्यांच्या खुर्चीवरून उठावं एवढीच त्यांची अट दिसली. सवयीने बसले होते.

कोणाचं नाव छापायचं नाही हा माझा नियम. सभ्यता आहे. फक्त इयत्ता, तुकडी आणि बाक क्रमांक.

८ फेब्रुवारी

पहिली लाल शाई प्रसिद्ध! सातवी अ, पाचवा बाक: आजोबा वारल्यामुळे गैरहजर. खाली माझा शेरा: या आजोबांचं गेल्या तीन वर्षांतलं हे चौथं निधन. चिकाटी वाखाणण्याजोगी आहे, ती नातवाने अभ्यासात दाखवावी.

स्वतःशीच इतकी हसले की हे पेपर खाली ठेवून बघायला लागले. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, चौथे म्हणजे आईकडचे, वडिलांकडचे, आणि चुलत धरले तर बसतात. यांना विनोद कळत नाही. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली.

१५ फेब्रुवारी

आकडा: तीनशे सहा!! टेक्निकल गेलं मागे. बंद गेटला म्हणावं, बस बंद होऊन.

हेडमास्तरांना भेटायला सकाळपासून पालकांची रांग. उत्साह आहे. हेडमास्तर घामाघूम. माणसाला गर्दीची सवय हवी.

१९ फेब्रुवारी

माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको म्हणून आज घरचीच चिठ्ठी घेतली. आठवी ब, तिसरा बाक, म्हणजे आमची नात. सूनबाईने लिहिलं होतं की घरी पाहुणे आल्यामुळे गृहपाठ राहिला. शेरा: मी त्याच घरात राहते. पाहुणे कोणीही आलेले नव्हते. टीव्ही चालू होता.

सूनबाई अर्ध्या जेवणावरून उठली. भारावली असेल. नात म्हणाली, आजी, उद्यापासून तू शाळेच्या कोपऱ्यापर्यंतच सोबत ये, गेटपर्यंत नको. मुली मोठ्या झाल्या की त्यांना स्वतंत्र वाटायला हवं असतं. मी समजून घेतलं.

२२ फेब्रुवारी, दुपारी

नऊशे चाळीस!!!

वन्संचं मागे गेलं. मी उभी राहून दोनदा वाचलं. गुडघा विसरले.

कॉम्प्युटरच्या बाई म्हणाल्या, बाई, हे आकडे पानवार पण बघता येतात, एकदा बघू या का, मला जरा शंका आहे. मी म्हटलं, विजयात शंका घेणाऱ्यांचं काही होत नाही. आलेखात एक रेघ आमची, एक वन्संची, एवढं बस. आमची तांबडी, जिन्यासारखी वर. त्यांची निळी, आजाऱ्यासारखी आडवी.

संध्याकाळी वन्संचा फोन. मी फोन घेतला तेव्हा आवाजात साखर. वहिनी, लाल शाई वाचतेय हो मी. थांबू नका. आठवड्यातून दोनदा लिहिता आलं तर बघा. मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला कसं सुचतं हो एवढं मोठं मन करायला. त्या म्हणाल्या, वहिनी, खरंच, शाळेचं भलं होतंय.

शाळेचं! कोणत्या शाळेचं ते बोलल्या नाहीत. जळतात आतून.

२६ फेब्रुवारी

आठवड्यातून दोनदा सुरू केलं. वन्संनी सांगितलं म्हणून नाही. वाचकांची मागणी असणार म्हणून.

झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. नऊ जण रांगेत. मोबाइलवर आमच्याच शाळेची साइट! सगळे प्रिंट काढायला आलेले. एक बाई दुकानदाराला सांगत होती की उघडतच नाही हो, पंधरा वेळा दाबलं. मी मागून म्हटलं, गर्दी फार असते हल्ली, धीर धरा. तिने वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि प्रिंट न घेता गेली. लाजली. मोठ्या माणसासमोर येतो असा संकोच.

घरी येऊन यांना सांगितलं की लोक माझं लिखाण फ्रेम करतायत. हे म्हणाले, बघितलंस का कागद? मी म्हटलं, दुसऱ्याच्या कागदात डोकावणं शोभत नाही.

१ मार्च

दोन हजार एकशे दहा. स्टेशनजवळचं हायस्कूल मागे पडलं. गावात पहिले आम्ही!

चहात साखर दोनदा घातली आणि प्यायलेही.

हेडक्लार्क रजेवर. मनगट धरलंय म्हणे, दिवसभर लिहून. काय लिहितो कोण जाणे. मी असताना तो नखं कापायचा.

वन्संनी साठ नवे बाक मागवलेत असं यांच्याकडून कळलं. मीटिंग तोंडावर, शाळा जाणार, आणि बाई बाक मागवतायत! दया आली. बुडणारा माणूस काहीही धरतो. यांना म्हटलं, बहिणीला समजवा. हे म्हणाले, मी कोणाकोणाला समजवू?

७ मार्च

प्रार्थनेच्या वेळी मैदानावर जाऊन आले. रांगा आटोपशीर वाटल्या. पूर्वी मुलं भिंतीला टेकायची, आता हात पसरून उभी राहतात. शिस्त येते आहे. लाल शाईचाच परिणाम.

मीटिंगसाठी भाषण लिहिलं. अकरा पानं. निळ्या रेघेबद्दल बोलताना आवाज हळवा ठेवायचा, असं समासात लिहून ठेवलंय. जिंकणाऱ्याने उदार असावं. वन्संना वाटलंच तर लायब्ररी देऊ.

१४ मार्च

चार हजार तीनशे बारा! एका आठवड्यात! चारी शाळांचे मिळूनही पूर्वी एवढे नव्हते.

नातीला नाचून दाखवलं. ती हसली नाही, माझ्या गळ्यात पडली. कारण विचारलं तर म्हणाली, काही नाही, आजी. गुणी पोरगी आहे.

१५ मार्च, सायंकाळी सहा

मीटिंग झाली.

क्रमाने लिहिते, म्हणजे चूक कोणाची ते कळेल.

संस्थेच्या हॉलमध्ये पडद्यावर दोन रेघा. तांबडी छतापर्यंत. मी भाषणाची सात पानं वाचली. सेक्रेटरी म्हणाले, बाई, आकडा मोठा आहे खरा, लोक नेमकं वाचतात काय? मी म्हटलं, पानवार दाखवा! कॉम्प्युटरच्या बाई खुर्चीतच राहिल्या. म्हणाल्या, बाई, नको. मी म्हटलं, अहो, लाजता कशाला, तुमचंही कौतुक होईल.

त्यांनी दाखवलं.

पहिल्या नंबरचं पान: शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्जाचा नमुना. भेटी तीन हजार नऊशे शहात्तर.

लाल शाई: एक्केचाळीस. सरासरी मुक्काम सहा सेकंद.

कॉम्प्युटरच्या बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या की तो नमुना पहिल्या झटक्यात उघडत नाही, एकेक पालक रोज वीस-वीस वेळा प्रयत्न करतो, म्हणून आकडा फुगलाय. प्रत्यक्षात अर्ज आलेत एकशे त्रेसष्ट.

एकशे त्रेसष्ट मुलं! पाच आठवड्यांत!

सेक्रेटरींनी विचारलं, गेली कुठे? वन्संनी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा. म्हणाल्या, माझ्याकडे, सर. जागा नव्हती, बाक मागवले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, वहिनी, मुलं हुशार आहेत हो तुमची. पालक मात्र चिठ्ठी लिहायला तयार नाहीत. ताप आला तर स्वतः येऊन तोंडी सांगतात.

सेक्रेटरी म्हणाले, लोकांना कोणती शाळा हवी ते आता स्पष्ट आहे. ठराव दोन मिनिटांत. पाटी वन्संची.

भाषणाची चार पानं उरली. त्यातच लायब्ररीचं होतं.

१६ मार्च

दोष कोणाकोणाचा याचा विचार केला. नमुना नीट न उघडणाऱ्या साइटचा. लगेच हो म्हणणाऱ्या हेडमास्तरांचा. चौथ्यांदा वारणाऱ्या आजोबांचा. मला थांबू नका सांगणाऱ्या वन्संचा. पालकांचा तर आहेच. आमच्या वेळी सिस्टरने वर्गासमोर रडवलं तरी कोणाच्या आईने शाळा बदलली नाही.

एक मात्र खरं. सिस्टर मुलींना रडवायच्या. आयांच्या वाटेला त्या कधी गेल्या नाहीत. हे आज, दुपारी अडीचला, कपडे वाळत घालताना सुचलं. सहा आठवडे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

हे म्हणाले, चौतीस वर्षांत पाच-सहा हजार मुलं शिकवलीस की. मी उरलेले कपडे वाळत घातले.

१८ मार्च

सूनबाईने एक कागद आणला. तोच नमुना. म्हणाली, आई, हिचाही भरायचाय. मी म्हटलं, आता तर सगळ्यांचेच दाखले आपोआप तिकडे जातील, घाई कसली? ती म्हणाली, फेब्रुवारीतच प्रिंट काढून ठेवली होती. बाविसाव्या वेळी उघडला. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता.

मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मग भरायला बसले. चुका कोणी करू नयेत म्हणून मीच भरते म्हटलं. नाव. इयत्ता. तुकडी. प्रवेशाची तारीख मला तोंडपाठ होती, तिचा हात धरून मीच नेलं होतं. पुढचा रकाना: शाळा सोडण्याचं कारण.

वेगळ्या कागदावर कच्चं लिहून काढलं. संस्थेचं धोरण, नमुना नीट न उघडणं, वन्सं, पालकांची घसरलेली सहनशक्ती, सगळं आलं. दोन पानं झाली. सूनबाईने वाचलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, आई, रकाना दीड इंचाचा आहे.

नात शेजारी बसून पेन्सिल चावत होती. मी दीड इंचाकडे बघत राहिले. काय काय काढून टाकलं तर बसेल, ते एकेक काढत गेले. संस्था काढली. पालक काढले. वन्संना काढलं. शेवटी एक शब्द उरला, तो लिहिला.

आजी.

सूनबाईने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि नातीच्या दप्तरात ठेवला. बदलून लिहा म्हणाली नाही.

अक्षर चांगलं आलंय.