शोरूमचं कार्ड अन् भाऊजींचा प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ. शेलूबाजार.

शोरूमचं ते कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं, तरी नजर तिथंच जाते. घेताना वाटलं होतं, फुकट तर आहे. सर्व्हिसिंगला सूट, ऑइलवर सूट. आणि आपल्या ओळखीनं कोणी मोटरसायकल घेतली की आपल्याला पॉइंट, म्हणजे आणखी सूट. त्या शेवटच्या गोष्टीकडं तेव्हा लक्षही दिलं नव्हतं.

आज दुपारी रिठदहून भाऊजी आले, माझ्या ताईचे मिस्टर. आमच्याकडं गाडी घ्यायची तर माणूस आधी शोरूमला जात नाही. ज्याच्याकडं ती गाडी आहे, त्याला विचारतो. म्हणाले, "खरं सांगजो, तुयी गाडी कशी हाये? मी तुया भरोश्यावर घेऊन राह्यलो."

खरं काय ते मला पक्कं माहीत आहे. अंधारात तिचा हेडलाइट पुरत नाही. शेतरस्त्यानं येताना मी हँडलला टॉर्च बांधतो. कार्ड घ्यायच्या आधी विचारेल त्याला हेच सांगायचो. आज म्हणालो, "मस्त हाये. घेऊन टाका. शोरूममध्ये मायं नाव सांगा."

काहून म्हटलं असं? ऑइलवरच्या सुटीसाठी?

आत्ता ताईला फोन लावला. खरं सांगायलाच लावला होता. आधी तीच बोलली, "हे लय खूश हायेत. गाडी आली की मीबी संग शेतात जात जाईन. येताना अंधार पडला तरी आता काही टेन्शन नाही."

मी विचारलं, रंग कोणता घेऊन राह्यले.