मिनीने दाखवलेला हात

मंगळवार, जुलै १९९४. मारतहळ्ळी, बंगलोर.

आज मिनी थोडक्यात वाचली.

तिला शाळेतून आणताना भाजीवाल्या अक्कांकडे कोथिंबीर घेत होते. सहा वर्षांची लेक, शेजारीच उभी असणार असं मी धरून चालले. मान वर केली तर ती रस्त्यात दोन पावलं पुढे, इवलासा पंजा लॉरीसमोर उंच धरून. लॉरी थांबत नव्हती. अक्कांनी टोपली ओलांडून तिला दप्तरासकट मागे ओढलं.

"लॉरीवाल्याला एवढीशी पोर दिसते का?" अक्का कन्नडमध्ये माझ्यावरच ओरडल्या.

मिनी रडली नाही, उलट रागावली. "मी हात दाखवला होता. तू दाखवतेस तेव्हा सगळे थांबतात."

खरंच की. रोज एका हाताने तिला धरते, दुसरा गाड्यांना दाखवते आणि घुसते. इथे सगळे असंच तर ओलांडतात. 'आधी दोन्हीकडे बघ' हे तिला शंभरदा सांगितलं असेल. मी स्वतः कधी थांबून बघितलं? तो इवलासा पंजा डोळ्यांपुढून जात नाही.

संध्याकाळी तिला घेऊन पुन्हा तिथेच गेले. तिच्या उंचीएवढी वाकले, तर नुसती चाकं दिसली. बाकीचे हात दाखवत पलीकडे गेले. आम्ही उभ्याच.

"आई, दाखव ना हात. आज आपल्यासाठी कोणीच थांबत नाहीये."

"आज आपण थांबायचं."

"कंटाळा आला."

तिला पटलेलं नाही. उद्याही उभं राहू.